हनुवटीशी परत येणारा हात

श्री. पुंडलिकराव ढवळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथच्या वावरात. वेचणीचे दिवस होते. शाळा बुडवून मी आईबरोबर कापूस वेचत होते आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक उंच, ताठ गृहस्थ उभे राहून बायकांच्या हातांकडे एकटक पाहत होते. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. बराच वेळ ते जागचे हलले नाहीत. शेवटी शेजारच्या ओळीतल्या गिरजामावशींना राहवलं नाही.

"गुर्जी, काय पाहून राह्यले? कापूस पाह्यला नाई का कधी?"

कापूस नाही, हात पाहतोय, असं सर शांतपणे म्हणाले. बायकांत हशा पिकला. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी मुद्दाम हात उंच करून दाखवला. मावशी मात्र हसल्या नाहीत. "मंग दुरून काऊन पाहता? बांधा ओटी अन् या इकडे."

सरांनी खरोखरच ओटी बांधली. वेचलेला कापूस ठेवायला आम्ही कमरेला जे फडकं बांधतो, त्याला ओटी म्हणतात. त्या दिवशी दुपारभर सर वाकून कापूस वेचत होते. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी त्यांची बोटं ओरबाडली, ओटी मात्र जेमतेम भरली. दिवस कलताना ते माझ्या आईजवळ आले आणि एक प्रश्न विचारला. बोंडातून कापूस ओढला की हात कुठे जातो?

"ओटीत. अजून कुठी जाईन?"

"दर वेळी?"

"झोपीतबी तिथंच जाते बाप्पा," आई म्हणाली.

सर हसले. त्यांना जे हवं होतं ते सापडलं होतं. आम्हाला काहीच कळलं नव्हतं.

पुढे कळलं ते असं. सर फौजेतून निवृत्त होऊन आमच्या भागात शाळेत पी.टी. शिक्षक म्हणून आले होते आणि संध्याकाळी आदिलाबादला एका जिनिंगमागच्या रिकाम्या गोदामात मुलींना बॉक्सिंग शिकवत होते. मुलींची बॉक्सिंग तेव्हा नुकती कुठे कानावर येऊ लागली होती. तलमडुगुकडच्या काही मुली त्यांच्याकडे येत. त्यांच्या ठोशात जोर होता, दमही होता. पण ठोसा मारून झाला की त्यांचा हात हनुवटीशी परत येण्याऐवजी खाली, कमरेशी जायचा. समोरच्याला चेहरा मोकळा मिळायचा. सरांनी रागावून पाहिलं, पळवून पाहिलं, हात बांधून पाहिले. कंटाळा करतात, असं त्यांना वाटत होतं. आमच्या वावरात त्यांना कळलं की तो कंटाळा नव्हता. कळायला लागल्यापासून त्या मुलींचा हात पुढे जाऊन कापूस घेत होता आणि खाली ओटीत टाकत होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलींना ओळीत उभं केलं आणि सांगितलं की चूक तुमची नव्हती, मी तुम्हाला उगाच पळवलं. आमच्याकडचे शिक्षक असं बोलत नाहीत. मग त्यांनी काकूंकडून, म्हणजे सरांच्या पत्नी सौ. शांताबाईंकडून, जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या छोट्या झोळ्या शिवून घेतल्या. त्या गळ्यात, अगदी हनुवटीखाली बांधायच्या. भिंतीला तोंडाच्या उंचीवर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, बांधल्या, बोंडांसकट. हात सरळ पुढे न्यायचा, कापूस घ्यायचा आणि गळ्यातल्या झोळीत आणून टाकायचा. कोपर बाहेर फाकू द्यायचं नाही. वेग वाढवत न्यायचा. हात ती वाट शिकला की मग मूठ मिटायची आणि हातमोजे घालायचे. अनोळखी माणसानं पाहिलं असतं तर गळ्यात झोळ्या बांधून भिंतीवरचा कापूस वेचणाऱ्या या मुली वेड्या वाटल्या असत्या. पण सरांच्या मुलींचा हात त्यानंतर कधी खाली गेला नाही.

मी त्यांच्याकडे कशी गेले हे वेगळं सांगायला नको. जो माणूस दुपारभर वाकून कापूस वेचतो आणि बायकांचं हसणं निमूट ऐकून घेतो, त्याच्याकडे पोरगी पाठवायला हरकत नाही, असं आईनं ठरवलं. वडिलांची हरकत होती. ती काकूंनी दूर केली. स्पर्धेला कुठेही जायचं असो, काकू आमच्यासोबत असायच्या. कोपऱ्यात बसून लसूण सोलायच्या आणि एकाही लढतीकडे डोळे वर करून पाहायच्या नाहीत. आमचं झालं की विचारायच्या, "संपलं का व? दात हायेत ना जागेवर?"

सरांची शिकवण्याची पद्धत सांगायची तर सुरुवात पायापासून करावी लागेल. ठोसा हातात नसतो, टाचेत असतो, असं ते सांगत. जिनिंगच्या आवारात सरकी मुबलक. ते आमच्या मागच्या पायाच्या चवड्याखाली सरकीचे दाणे ठेवत आणि ठोसा मारायला लावत. टाच उचलून पाय जागच्या जागी वळला तर दाणा चिरडायचा. नुसता हात फेकला तर तसाच राहायचा. ते ठोसा पाहायचेच नाहीत, उकिडवे बसून दाणा पाहायचे. पाय वळला की कंबर वळते, कंबर वळली की खांदा येतो, आणि हात सगळ्यात शेवटी, पाहुण्यासारखा. मारण्याआधी हात मागे घेतलास तर समोरचीला तार करून कळवलंस, असं म्हणायचे. हे सगळं तीन भाषांत चालायचं. "हात वर, चेय्यी पैकी, हाथ उप्पर," हे त्यांचं पालुपद एका दमात यायचं, म्हणजे कुणी मला समजलं नाही म्हणायला नको.

पण मला आज वाटतं की सरांनी आम्हाला ठोसा शिकवलाच नाही. ठोसा मारून परत येणं शिकवलं. फौजेत ते स्वतः डोक्याला काही न बांधता लढले होते. तिथे मार खाऊन उभा राहणारा तो मर्द मानला जायचा. सरांची तशी ख्यातीही होती. आमच्या बाबतीत मात्र त्यांना मार खाण्याचं कौतुक अजिबात नव्हतं. मारणारा ज्या क्षणी मारतो त्याच क्षणी तो उघडा असतो, हे त्यांनी आमच्यात इतकं रुजवलं की संसारातही त्याचा उपयोग झाला.

एक प्रसंग सांगते. आमच्यातली सगळ्यात तयार मुलगी लक्ष्मी. तिचे वडील आदिलाबादला ऑटो चालवत. वरंगलच्या एका स्पर्धेत ती पुढे होती, पंचही तिच्या बाजूने दिसत होते. मधेच तिला कानाच्या वर एक ठोसा बसला. ती पडली नाही, लगेच सावरली आणि हसलीसुद्धा. पण सरांनी टॉवेल आत फेकला. जिंकत आलेली लढत त्यांनी सोडून दिली. लक्ष्मी परतीच्या गाडीत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. स्टँडवर न्यायला आलेल्या तिच्या वडिलांनी तेलुगूत सरांना बरंच सुनावलं, पोरगी जिंकत असताना थांबवणारे तुम्ही कोण, असं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाले, "भाई, उसकी आँखें एक पल को रुक गयी थीं. मुझे लडकी घर लानी थी, कप नहीं."

लक्ष्मी आज हैदराबादला पोलीस खात्यात आहे. तो टॉवेल तिने मनापासून माफ केला, पण त्याला बरीच वर्षं लागली.

सरांच्या कामाबद्दल या ग्रंथातल्या इतर लेखांतून पुष्कळ वाचायला मिळेल. मला मात्र यापुढचं लिहिणं भाग आहे. गौरवग्रंथात हे लिहावं का, याबद्दल मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. गोड गोड तर समदेच लिहीन. मी वाचून दाखवीन त्यायले." म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी सरांचा हात थरथरू लागला. सुरुवातीला सदऱ्याची बटणं लागेनात, मग चहाचा कप बशीत वाजू लागला. मग एक दिवस भाजी घेऊन येताना त्यांना घराचा रस्ता आठवेना. ज्या माणसाला आदिलाबादची गल्लीन् गल्ली ओळखते, त्यांना एका पानवाल्यानं हात धरून घरी आणून सोडलं. सरांना मूलबाळ नाही. आम्हीच जे काय आहोत ते आहोत. काकूंनी निरोप पाठवला तशी मी त्यांच्यासोबत नागपूरला गेले.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मायाळू होते. तरुणपणी डोक्याला मार लागला होता का, असं त्यांनी विचारलं. सरांचा चेहरा उजळला. पलटणीतल्या लढती ते रंगवून सांगू लागले. कोण कसा मारायचा, आपण कसे पडलो नाही, एकदा नाकातून रक्त येत असताना कशी शेवटपर्यंत लढत दिली. डॉक्टर लिहीत होते. मग त्यांचं लिहिणं थांबलं आणि ते सरांकडे नुसते पाहू लागले. सर बोलता बोलता थांबले. त्यांच्या लक्षात आलं होतं. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्या मारामुळेच हे झालं असेल असं खात्रीनं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नसेलच असंही सांगता येत नाही. यातून मागे येता येत नाही, एवढंच खात्रीचं होतं.

परतीच्या प्रवासात काकूंनी डबा उघडला, सरांनी नको म्हणून मान हलवली. गाडी पैनगंगेच्या पुलावर आली, पलीकडे आमचा जैनथचा भाग दिसू लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "अन् माह्या पोरी?"

त्या दिवसापासून सर याच प्रश्नात राहतात. त्यांनी एकेका जुन्या विद्यार्थिनीला गाठायला सुरुवात केली. कुणाच्या घरी ऑटोनं, कुणाच्या शाळेत, कुणाला फोनवर. डोकं दुखतं का? नावं विसरतेस का? हात थरथरतो का? हात पुढे करायला लावून पाहायचे. बाजारात भेटलेल्या एकीला त्यांनी भर रस्त्यात एका पायावर उभं राहायला सांगितलं. ती राहिली, हसत हसत, आणि घरी जाऊन रडली.

आम्ही मुलींनी आपसात ठरवलं की सरांनी विचारलं तर सगळ्यांनी नाही म्हणायचं. प्रेमानंच ठरवलं. लक्ष्मी हैदराबादहून येऊन नाही म्हणून गेली. तलमडुगुच्या मुली, ज्या आता आज्या व्हायला आल्या आहेत, त्याही नाही म्हणाल्या. सरांनी सगळ्यांचं ऐकलं आणि एक दिवस गोदामाला कुलूप लावलं. नव्या मुली दारात उभ्या असायच्या. सर त्यांना म्हणायचे, "घरी जाय माय. अभ्यास कर." हातमोजे आत टांगलेले आहेत. त्यातले काही उंदरांनी कुरतडले आहेत, असं खिडकीतून दिसतं.

सत्काराच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलींचं प्रात्यक्षिक नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटेल. ते आधी होतं. शाळेतल्या दोन चुणचुणीत मुली तयार केल्या होत्या आणि सरांना आनंद होईल म्हणून सराव त्यांच्यासमोर ठेवला होता. सर खुर्चीत बसून पाहत होते. मुलींनी हातमोजे भिडवले, एकीनं हलकासा ठोसा मारला, आणि सर कसे उठले ते कुणालाच कळलं नाही. ज्यांना उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो ते दोघींच्या मधे जाऊन उभे राहिले. दुसरीचा ठोसा त्यांच्या छातीवर बसला. "बस," ते म्हणाले, "बस करा व माय, बस." ती मुलगी इतकी घाबरली की तिला काकूंनी जवळ घेऊन बसावं लागलं. प्रात्यक्षिक रद्द झालं.

त्यानंतर मी सरांकडे गेले. ते अंगणात बसले होते. माझं नाव त्यांना लगेच आठवलं नाही, पण प्रश्न आठवला.

"डोकं दुखते का व तुयं?"

आमचं ठरलेलं उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण सरांनी माझा हात हातात घेतला होता आणि त्यांचा हात थरथरत होता. मी म्हणाले, "दुखते सर. कधी कधी फार दुखते. आईचंबी दुखायचं. तिनं कुठी बॉक्सिंग केली?"

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. पण त्यांचे खांदे जरा सैल झाले.

"एक तरी बोलली," ते म्हणाले. "बाकी समद्या नाई म्हणतात. एका सुरात नाई म्हणतात. मले काय समजत नाई? येवढ्या पोरी, अन् एकीचंबी डोकं दुखत नाई?"

आमच्या प्रेमळ खोटेपणानं त्यांची खात्रीच पटली होती की काहीतरी भयंकर आहे. मी त्यांना म्हणाले, सर, तुम्ही तर आम्हाला हात परत आणायला शिकवलं. टॉवेल फेकला. दुसऱ्या कुणी आमची हनुवटी एवढी सांभाळली असती?

"हनुवटी सांभाळली," सर म्हणाले. "अन् आतलं?"

माझी डोकेदुखी आईकडून आली की लढतींतून, हे मला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ज्या खेळानं मला ताठ उभं राहायला शिकवलं, नोकरीत, घरात, नकोशा माणसांसमोर, त्यानं माझ्या आत काय केलं असेल ते मला माहीत नाही. मी सरांजवळ बसून राहिले. काकूंनी चहा आणला. सरांचा कप मी धरला, ते प्याले. कप खाली ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि परक्या माणसाला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "तुमचं डोकं तर नाई ना दुखत, बाई?"

तेव्हा मला या आजाराचं खरं रूप कळलं. उत्तर टिकत नाही. रोज कुणी ना कुणी त्यांना खरं सांगेल, त्यांचे खांदे घटकाभर सैल होतील, आणि मग तो प्रश्न पुन्हा पहिल्यासारखा कोराकरकरीत उभा राहील. नावं जात आहेत, लढती जात आहेत, फौज धूसर झाली आहे. हाच एक प्रश्न जात नाही. यातून काही चांगलं निघेल असं मला मनापासून वाटत नाही. तसं लिहिलं तर सरांना ते खोटं लगेच ओळखू येईल.

एवढं मात्र झालं. त्या दिवसानंतर मी आमच्या मुलींना फोन केले आणि नाही म्हणणं बंद करा, असं सांगितलं. लक्ष्मी आधी चिडली. मग म्हणाली की तिला कधी कधी ओळखीचे शब्द सापडत नाहीत. पन्नाशीकडे झुकलेल्या कुणाला सापडतात, असं मी म्हणाले. दोघी हसलो. आता आम्ही सगळ्या जणी आपापली डोकी आपणच डॉक्टरांना दाखवून घेणार आहोत. जे निघेल ते निघेल. सरांनी ज्याचा ध्यास घेतला आहे ते निदान त्यांच्या एकट्याच्या माथी राहायला नको.

गौरवलेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना आयुष्य चिंतायचं असतं. ते वाक्य मला बरेच दिवस लिहिता आलं नाही. हा प्रश्न घेऊन उगवणारी पुष्कळ वर्षं मी सरांसाठी कोणत्या तोंडानं मागावी? तरीही मागते, कारण काकू आहेत, आणि सर नसलेलं आदिलाबाद मला अजून कल्पनेतही पाहता येत नाही.

सर, काकू हे तुम्हाला वाचून दाखवतील. तुम्हाला शांत झोप लागो, जेवण गोड लागो, काकूंचा हात हाताशी असो, आणि अशी वर्षं पुष्कळ येवोत. विसरायचंच असेल तर आमची नावं खुशाल विसरा. आम्ही दारात येऊन पुन्हा सांगू, रोज सांगू. पण त्याच्याही आधी तो एक प्रश्न विसरा. तो आता आमचा आहे. आम्ही तो लक्षात ठेवू.